खालच्या वस्तीचा फोन

ओव्हाळ मॅडम फोनवर कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. पलीकडून रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला की थेट म्हणायच्या, "हं, वाचा."

मी तेव्हा बारामतीच्या एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होतो आणि त्या इंदापूरला कनिष्ठ अभियंता. ज्या गावांपर्यंत तारेचे खांब पोचले नव्हते, तिथं खात्यानं रेडिओचे फोन द्यायला सुरुवात केली होती. ग्रामपंचायतीच्या छपरावर उंच पाइप, त्याला माशाच्या काट्यासारखी ॲन्टेना, शेजारी सोलरची पाटी, खाली बॅटरी आणि टेबलावर एक साधा फोन. इंदापूरच्या टॉवरपासून गावापर्यंत तार नाहीच, मधे नुसती हवा. असा फोन बसवून झाला की मॅडम त्या गावातून मला बारामतीला फोन लावायच्या.

"हं, वाचा."

"काय वाचू?" पहिल्या वेळी मी गोंधळलो.

"समोर असेल ते."

समोर भेळेचा कागद होता. कुठल्यातरी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर कांद्याच्या आवकेची बातमी आणि एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात होती. ती मी वाचली. संध्याकाळी मॅडम कामासाठी बारामतीला आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून वही काढली. वहीत ती म्हैस होती. उजवं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा ठिपका, सगळं बरोबर. फक्त 'मोडकं'च्या जागी त्यांनी 'थोडकं' लिहिलं होतं. तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या गावी गेल्या आणि ॲन्टेना वीतभर फिरवून आल्या.

"हॅलो कुणालाही ऐकू येतं, शितोळे," त्या म्हणायच्या. "पलीकडचा हॅलोच म्हणणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून कान आपोआप भरून घेतो. जे माहीत नाही ते ऐकू आलं, तर फोन लागला म्हणायचं."

पुढं माझीही इंदापूरला बदली झाली आणि पाचेक वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. वयानं आम्ही जवळजवळ बरोबरीचे. त्या बुटक्या, काळ्यासावळ्या, चालताना किंचित पुढं झुकलेल्या. सुती साडी, पदर खोचलेला, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. शिडीवर कुणी त्यांना 'मॅडम, तुम्ही खाली थांबा' म्हणालं की त्या ऐकू आलं नसल्यासारखं करायच्या आणि वर चढायच्या. गावात सरपंच जेवायला चला म्हणाले, तर हसून म्हणायच्या, "मला डब्याची सवय झालीय हो." मग जीपच्या मागच्या बाकावर बसून एकट्या जेवायच्या. मी मात्र सरपंचांच्या घरी पाटावर बसून जेवत असे. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघायला मला फार दिवस लागले.

त्यांचा राग निराळाच होता. आवाज चढायचा नाही. एका गावचा फोन सारखा बंद पडायचा. तक्रार कुणाचीच नाही, पण फोन मुका. आम्ही गेलो तर पंचायतीच्या खोलीत पन्नासेक माणसं टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत होती आणि टीव्ही आमच्या बॅटरीवर चालला होता. गावात लोडशेडिंग. सरपंच ताडकन उठले. मॅडम म्हणाल्या, "बसा बसा, किती ओव्हर राहिल्यात?" आणि सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसल्या. अख्खी मॅच बघितली. आपण हरलो. मग त्यांनी उठून स्वतः बॅटरीची वायर काढली, फोनला जोडली, ऑफिसला फोन लावून तिथल्या माणसाला वाचायला सांगितलं, वहीत लिहून घेतलं आणि सरपंचांना म्हणाल्या, "दादा, तुमच्या गावात परवा एकाला साप चावला होता. मला आज एसटीत कळलं. बॅटरी तेव्हा कुठं होती, ते मी विचारत नाही."

त्या गावचा फोन नंतर कधी बंद पडला नाही.

त्यांचं माहेर बावड्याचं. एकदा त्या भागात काम होतं म्हणून त्या मला घरी घेऊन गेल्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ओट्यावर बाजेवर बसलेले त्यांचे वडील. ते शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. चहा झाल्यावर आबा आपणहून बोलायला लागले.

"तुमी फोनवाले व्हय? माझा बापबी फोनच होता." आणि हसले. "गावात कुणी मयत झालं की पावण्यांना सांगावा घेऊन माझ्या बापानं जायचं. ते कामच आमच्या घराकडं. रातबेरात, नदीनाला, पायी. इस-इस मैल. पोचलं की अंगणाच्या भायेर उभं राहायचं, तितनंच सांगायचं. आत लोक रडायला लागायचे आन ह्यो भायेर उभा. पाणी मागायची चोरी. म्या शाळा शिकलो, वतनं गेली, आमी धम्म घेतला, समदं सुटलं. आन पोरीनं पुन्हा सांगाव्याचीच नोकरी धरली."

"आबा, पुरे," मॅडम आतून म्हणाल्या.

"न्हाय, पर फरक हाय," आबा माझ्याकडं झुकून म्हणाले. "आता ती सांगावा न्हेत न्हाय. ज्येचा त्येला सांगता यील असं करती."

त्यानंतर मी डबा आणायला लागलो आणि जीपमध्ये जेवायला लागलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी जास्त असायची.

आता खालच्या वस्तीचं सांगायला हवं. पळसदेवच्या पुढं उजनीच्या पाण्याकाठचं ते एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. धरणामुळं मूळ गाव बुडालं आणि नवं गाव वर काठावर वसलं. पण दर उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, तशी माणसंही पाण्यामागं खाली उतरतात. उघड्या पडलेल्या गाळात कलिंगड, काकडी, मका लावतात, मासे धरणारी कुटुंबं पाण्याशेजारी खोपी घालतात. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत निम्मं गाव काठापासून दोन-तीन किलोमीटर खाली, खोलगटात राहायला असतं. फोन मात्र वर, पंचायतीत.

त्या वस्तीत ताराबाई होती. पन्नाशीची, मासे विकणारी, खणखणीत गळ्याची विधवा. तिचा एकुलता एक मुलगा दत्तू गाळातली जमीन करायचा. ताराबाईनं मॅडमना पहिल्याच भेटीत सुनावलं.

"बाई, आमचं गाव सा म्हैनं वर आन सा म्हैनं खाली. तुमचा फोन बाराबी म्हैनं वर. त्यो काय पंचायतीच्या भितीसंगं बोलतोय व्हय?"

मॅडमनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी ऑफिसात आल्या त्या ट्रॅक्टर ठरवूनच. पंचायतीवरची सगळी यंत्रणा आम्ही उतरवली, ट्रॉलीत घातली आणि खाली नेली. खोपीशेजारी पाइप उभा केला, चारी बाजूंनी ताण दिले. मॅडम ट्रॉलीत उभ्या राहून ॲन्टेना इकडंतिकडं फिरवत होत्या आणि वस्तीतली माणसं त्यांच्याकडं तोंड वर करून बघत होती. वरच्या गावाला त्या म्हणाल्या, तुम्हाला हायवे जवळ आहे, यांना कोण आहे? कसल्याही लेखी परवानगीशिवाय त्यांनी तीन उन्हाळे असा फोन खाली नेला आणि पावसाच्या तोंडावर वर आणला. ताराबाई तो सांभाळायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मॅडम इंदापूरहून फोन करून 'हं, वाचा' म्हणाल्या की ती समोर दिसेल ते सांगायची: "दोन होड्या हायती, एक पांढरं कुत्रं हाय, दत्तू पाणी धरतुय."

त्या फोनचा खरा उपयोग कशाला होता, तर वीज बंद करायला. पाणी जसं खाली जाईल तशा मोटारी खाली सरकवत न्यायच्या, आणि त्यांच्यामागं केबली आणि तारा ओल्या गाळावरून काठ्यांवर टेकवत न्यायच्या. वारा आला की काठी कलंडायची आणि तार चिखलात. ओल्या चिखलात तार पडली की जवळ जायची सोय नाही. सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची, मगच हात लावायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात असं झालं तेव्हा ताराबाईनं फोन केला आणि पाच मिनिटांत लाईन बंद झाली. एक बैल गेला. माणूस कुणी गेला नाही.

मधल्या काळात मोबाईल आला. एका कंपनीनं बारामतीत टॉवर उभा केला, मग हायवेला. बारामतीत, एमआयडीसीत छान रेंज. सोमेश्वरनगरला कारखान्याच्या आवारात मी एका ऊस वाहतूकदाराला भरलेल्या ट्रकच्या मोळ्यांवर उभं राहून बोलताना पाहिलं आहे. खाली उतरला की आवाज तुटायचा, म्हणून तो सगळा धंदा वरूनच करायचा. वर्तमानपत्रात कंपनीच्या जाहिरातीत जिल्ह्याचा नकाशा यायचा आणि त्यावर एकसंध रंग असायचा. त्याच वेळी आमच्या खात्यात सीडीएमएची कुजबुज सुरू झाली. घरात बसवायचा बिनतारी फोन, छोटी ॲन्टेना, आणि एका टॉवरवर कितीतरी गावं. मॅडमनी त्याची पुस्तकं मागवली. त्या एवढ्या उत्साहात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

ताराबाईनं एकदा विचारलं, "ह्ये जीएसएम आन सीडीएमए म्हंजी काय वो?"

मॅडम म्हणाल्या, "ग्रामसभेत एकेकानं उठून आपल्या पाळीला बोलायचं, ते जीएसएम, म्हणजे आताचा मोबाईल. आणि बाजारात सगळे एकदम ओरडत असतात, तरी तुमच्या दत्तूची हाक तुम्हाला बरोबर कळते ना? ते सीडीएमए."

"मंग आमच्या ग्रामसभेत सीडीएमएच चालतंय," ताराबाई म्हणाली.

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

त्यांना सीडीएमएचा टॉवर पाणलोटाच्या काठाला हवा होता. मोबाईल हायवेला येणार, शहराला येणार, ज्यांना परवडतो त्यांना येणार, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण त्याची लाट आखूड, वाटेत काठ आला, टेकाड आलं की थबकते. आपल्या रेडिओची लांब लाट वाकून पलीकडं जाते, पण ती एका गावाला एकच फोन देते. सीडीएमए आला आणि टॉवर नीट जागी उभा राहिला, तर घरोघर फोन होईल. हे सगळं त्यांनी बारामतीच्या बैठकीत मांडलं. भिंतीवर रंगीत वर्तुळांचा नकाशा होता. आमचे त्या वेळचे मोठे साहेब हसत म्हणाले, "ओव्हाळ बाई, मोबाईलचं वर्तुळ तर तुमच्या पाण्यावरूनही गेलंय. आता काय माशांना फोन द्यायचाय?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत आणि बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही नकाशावर जिथं निळा रंग बघताय, तिथं मे महिन्यात माणसं राहतात."

बैठक संपल्यावर साहेबांनी त्यांना थांबवून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता आणि तरी कुठंतरी खुपत असल्यासारखा. साहेब म्हणाले होते, पाणलोटाचं नाव सीडीएमएच्या प्रस्तावात घालतो. पण तुमच्यावर ऑडिटची हरकत आहे. पंचायतीचा फोन दर उन्हाळ्यात हलवता, हे नियमात बसत नाही. आधी ते मिटवा. खालच्या वस्तीवर दुसरी सेवा मिळते आहे, फोन हलवायची गरज उरलेली नाही, असं लिहून द्या. फाइल स्वच्छ झाली की पुढं पाठवतो.

"दुसरी सेवा म्हणजे मोबाईल," मॅडम मला म्हणाल्या. "साहेब त्यांचा हँडसेट देतायत तपासायला. शितोळे, तुम्ही जाऊन या. मला आबांना पुण्याला दवाखान्यात न्यायचंय."

मी गेलो. माघ संपत आला होता. पाणी मागं सरकायला लागलं होतं आणि वस्ती नुकती खाली उतरत होती. वर काठावर, पंचायतीसमोर मी हँडसेट काढला. रेंजच्या दोन दांड्या दिसल्या. ऑफिसला फोन लावला. पलीकडून आमचा शिपाई 'हॅलो' म्हणाला, मी 'हॅलो' म्हणालो. खाली जायची वाट चिखलाची होती, जीप जात नव्हती. ऊन चढलं होतं. मी काठावरून वस्तीकडं बघितलं. खोपी काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या. इथं येतंय तर तिथंही येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि परत फिरलो.

ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला. 'खालील वस्ती : मोबाईल सेवा उपलब्ध.'

दोन दिवसांनी मॅडम पुण्याहून आल्या. डोळे जागरणानं लाल झालेले. त्यांनी अहवाल वाचला.

"खाली गेला होता?"

"हो."

"वाचून घेतलंत?"

"हो मॅडम."

"काय वाचलं?"

मी म्हणालो, "पेपर. जुना."

त्या माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या. वही मागतील असं मला वाटलं. त्यांनी वही मागितली नाही. टेबलावरच्या सीडीएमएच्या पुस्तकावर त्यांनी हात ठेवला. मग पेन उघडलं आणि सही केली.

त्या वर्षी फोन खाली गेला नाही. ताराबाई दोनदा ऑफिसात येऊन गेली. मॅडमनी तिला समजावलं, "यंदाचं एक वर्ष काढा. पुढच्या वर्षी तुमच्या खोपीत तुमचा फोन असेल." वस्तीवर येणाऱ्या एका मासळीच्या व्यापाऱ्याकडं मोबाईल होता. अडीनडीला तो आहेच, असं ठरलं.

मे महिन्यात एका दुपारी वावटळ उठली. दत्तूच्या मोटारीची तार काठीवरून निसटून ओल्या गाळात पडली. तिथं त्याची म्हैस बांधलेली होती. ती कोसळली. दत्तूला तार दिसली नसावी. तो म्हशीकडं धावला आणि चार पावलांवर पडला. मागून धावणाऱ्यांच्या पायांना मुंग्या आल्या, ते मागं फिरले. ताराबाईला तिघांनी मिळून धरून ठेवलं. व्यापारी मोबाईल उंच धरून इकडंतिकडं पळत होता. एकही दांडी नव्हती. शेवटी तो चढ चढून वर काठापर्यंत पळाला, तेव्हा फोन लागला. लाईन बंद व्हायला एकूण पाऊण तास गेला. तो पाऊण तास तीस-चाळीस माणसं दत्तूपासून वीस हातांवर उभी होती आणि कुणालाही पुढं जाता येत नव्हतं.

पाच मिनिटांत लाईन बंद झाली असती, तर तो वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे वाक्य मी किती वेळा मनाशी म्हटलं आहे, त्याला गणती नाही. त्यानं कधी आधार दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम वस्तीवर गेल्या. मी बरोबर होतो. काठावर जीप थांबवून त्या चिखलातून चालत खाली उतरल्या. मी त्या वाटेनं त्या वर्षी प्रथमच चालत होतो. पाऊण वाट उतरल्यावर त्या थांबल्या, मागं वळून काठाकडं बघितलं. हायवेचा टॉवर काठाआड पुरता गेला होता. मग पुन्हा चालायला लागल्या.

ताराबाई खोपीसमोर बसली होती. गळा बसलेला. तिनं मॅडमकडं बघितलं आणि विचारलं, "फोन का न्हाय आणलासा, बाई?"

मी एक पाऊल मागं उभा होतो. मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी सही केली. इथं मोबाईल लागतो, असं लिहून दिलं."

"लागतुय का?"

"नाही."

"मंग का लिवलंत?"

"मला मोठा फोन आणायचा होता, ताराबाई. त्यासाठी लहान सोडला."

ताराबाईनं त्यांना शिवी दिली नाही. हातही लावू दिला नाही. ती तोंड फिरवून पाण्याकडं बघत बसली. मॅडम तासभर तिथंच बसून होत्या. कुणी पाणी विचारलं नाही. मी उभा होतो. माझ्या अहवालाबद्दल, माझ्या 'हो'बद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तिथं नाही, जीपमध्ये नाही, ऑफिसात नाही. रोज सकाळी मी ठरवून यायचो की आज सांगायचं. रोज त्या समोर आल्या की एखादं काम सांगायच्या आणि मी ते करायला निघून जायचो.

त्याच आठवड्यात त्यांनी ट्रॅक्टर आणला, पंचायतीवरचा फोन उतरवला आणि खाली नेऊन उभा केला. ऑर्डर नाही, कागद नाही. ताराबाईनं तो सांभाळायला नकार दिला. दुसऱ्या एका बाईनं घेतला. मॅडमनी साहेबांना चार ओळींचं पत्र लिहिलं. प्रत्यक्ष खात्री न करता मी चुकीचं प्रमाणपत्र दिलं, माझी चौकशी व्हावी, एवढंच. साहेबांनी ते परत पाठवलं. तोंडी निरोप दिला की अशी पत्रं आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, घेत नसतात. मात्र फोन परवानगीशिवाय हलवल्याबद्दल मेमो आला. सीडीएमएचा टॉवर दुसऱ्या तालुक्यात गेला. ते कळलं त्या दिवशी त्यांनी टेबलावरची पुस्तकं बांधून कपाटात ठेवली. आवाज नाही, तक्रार नाही. त्या फक्त 'हं, वाचा' म्हणायच्या बंद झाल्या. तपासणीला फोन लावायच्या, पलीकडचा बोलायचा, त्या ऐकायच्या आणि ठेवायच्या.

वर्ष संपताना त्यांची बदली झाली, लांब, नांदेडकडं. ऑफिसात निरोप समारंभ त्यांनी नको म्हटला. मी इंदापूरच्या एसटी स्टँडवर गेलो. सोलापूरची गाडी लागली होती. त्या खिडकीजवळ बसल्या होत्या. एक होल्डॉल वर टाकलेला, एक पिशवी मांडीवर. मी खिडकीखाली उभा राहिलो. ड्रायव्हर अजून चहा पीत होता.

मी म्हणालो, "मॅडम, मला एक सांगायचं होतं."

त्यांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "तुमच्या बुटांना चिखल नव्हता, शितोळे."

"अहवाल दिलात त्या दिवशी. रोजचेच बूट तुमच्या पायात होते, धुतलेलेही नव्हते. मी बघितलं होतं." त्या सावकाश बोलत होत्या, मला समजावून सांगत असल्यासारख्या. "म्हणून तुम्ही सांगू नका. तुम्ही खोटं बोललात, मी बघून सही केली. माझं खोटं मोठं आहे."

"मॅडम—"

"आबा विचारायचे, त्या वस्तीचं काय झालं. गेल्या महिन्यात गेले. त्यांनासुद्धा मी खरं नाही सांगितलं."

मला आबा गेल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं.

ड्रायव्हर आला. गाडी सुरू झाली, तशी एक बाई दोन पाट्या आणि कडेवरचं मूल घेऊन घाईनं आत चढली. बसायला जागा नव्हती. मॅडम सरकल्या, तिची एक पाटी आपल्या पायांशी घेतली आणि हात पुढं करून मूल मांडीवर घेतलं. पोरगं अनोळखी मांडीवर जाताच रडायला लागलं. त्या त्याला मनगटावरचं मोठं घड्याळ दाखवायला लागल्या. गाडी स्टँडातून वळली तेव्हा त्यांची मान खाली होती. घड्याळ त्यांनी पोराच्या कानाला लावलं होतं आणि ते रडायचं थांबलं होतं.